आंबट शिवलेली काथवट

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला टोपली म्हणायचं नाही. परवा शहरातून आलेल्या एका पाहुण्याने मला टोपली म्हटलं आणि माझा अख्खा दिवस वाईट गेला. मी काथवट आहे. एकाच लाकडाच्या ओंडक्यातून कोरून काढलेली, रुंद तोंडाची, पसरट पोटाची काथवट. माझ्यात भाकरीचं पीठ मळायचे. तुमच्या घरी आता त्या कामाला परात असेल. असू द्या. परातीशी माझं जुनं भांडण आहे, पण ते पुढे येईलच.

माझा जन्म शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी झाला. बिजला नावाचा एक कारागीर तिथे राहत असे. पावसाच्या पाण्यावर थोडी शेती करायची आणि शेतीचं काम नसेल तेव्हा लाकूडकाम करायचं, असा त्याचा संसार होता. वाऱ्याने पडलेल्या शिवणीच्या झाडाचा ओंडका त्याने घरी आणला, सावलीत वाळवला आणि वाकसाने तासायला घेतला. घाई त्याला माहीत नव्हती. थोडं तासायचं, हात फिरवून पाहायचं, पुन्हा तासायचं. मला फार लागायचं, पण आपण काहीतरी होणार आहोत हे कळत होतं, म्हणून मी निमूट राहिले. शेवटी त्याने मला उलटी करून पाठीवर थाप मारली. आवाज भरीव आला. बिजला हसला आणि त्याने मला बाजाराच्या गाठोड्यात बांधलं.

आठवड्याच्या बाजारात एका बाईने मला उचललं. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. तिने माझ्यात पाणी ओतलं, मला डोक्याच्या वर धरलं आणि खालून किती तरी वेळ पाहत राहिली. एक थेंब गळला नाही. मग ती लेकीला म्हणाली, "धुरपदा, हाई ले. हाई तुले जलमभर पुरी."

ती धुरपदा म्हणजेच आमची अक्का. पुढे सगळं गाव तिला धुरपदाअक्का म्हणू लागलं. तिच्याबरोबर मी सासरी आले आणि चुलीशेजारी माझी जागा ठरली. ज्वारी, बाजरी, हिवाळ्यात ज्वारी आणि उडदाचा कळणा, सणाला पुरणाच्या मांड्यांची कणीक, सगळं माझ्या पोटात मळलं गेलं. अक्काचा तळवा आणि माझं पोट एकमेकांना इतके ओळखीचे झाले की पीठ कसं आहे हे तिच्या आधी मला कळायचं. शेजारणी म्हणायच्या, अक्काच्या भाकरीसारखी भाकरी गावात होत नाही. अक्का माझ्याकडे बोट दाखवायची. मला तेव्हा जो आनंद व्हायचा तो काय सांगू!

अक्काचा एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची हिंमत नव्हती. काथवटीत आंबट घालायचं नाही. चिंच नाही, ताक नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही. एकदा एका पाहुणीने माझ्या काठावर लिंबू कापून ठेवलं, तर अक्काने तिला तिथल्या तिथे ऐकवलं होतं. "आंबट एकदाव लाकूडमा गयं का पीठले जागा राहत नही." खरंच आहे ते. लाकूड सगळं पितं आणि प्यालेलं विसरत नाही. दर हिवाळ्यात, थंडी सुरू झाली की अक्का मला उन्हात घेऊन बसायची आणि शेंगदाण्याचं तेल चोळायची. माझ्यासाठी तोच दिवाळसण होता.

मग अक्काच्या मुलाचं, पितांबरचं लग्न झालं आणि सून घरात आली. तिचं नाव बेबाबाई. तिच्या माहेराहून भांडी आली आणि त्यात एक स्टीलची परात होती. चकचकीत, हलकी, घासली की लगेच कोरडी होणारी. जरा धक्का लागला की घरभर खणखणाट करायची, जसं काही हिच्यावाचून घरात कुणी कामच करत नाही! मला वाटलं, अक्का तिला दाराबाहेर ठेवील. पण अक्काने स्वतःच मला उचललं आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलं. "आते सुनबाईनं राज शे. तिना हातले जे सोयीनं ते," असं म्हणाली आणि खाली उतरताना एकदा माझ्या काठावरून हात फिरवला.

माळ्यावर माझे किती हिवाळे गेले हे मी मोजले नाहीत. कुणी तेल लावलं नाही. माझ्यात लसणाच्या जुड्या ठेवल्या गेल्या, कधी फाटकं पोतं. एका उन्हाळ्यात पत्रा इतका तापला की माझ्या पोटाला तडा गेला. तेव्हा फार वाईट वाटलं. पण मी मनाशी एक ठरवलं होतं. कधी तरी पुन्हा पीठ मळायला मला खाली घेतील, आणि घेतील तेव्हा मी तयार असेन.

मला खाली घेतलं ते एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात. पण पिठासाठी नाही. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी अक्काला मुदतीचा ताप आला. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, ताप उतरला, घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजार गेला, आता फक्त खायला घाला. पण अक्का खाईना. माळ्याच्या फटीतून मला तिची खाट दिसायची. पीठ मळून मळून घट्ट झालेले ते हात गोधडीवर नुसते पडलेले असायचे. भाताची पेज आणली तर ती मान फिरवायची. दूध आणलं तर डोळे मिटून घ्यायची.

आणि मोसंबी! आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जायचं तर मोसंबी घेऊनच जायचं. शेतात विहिरीजवळ आमचीच मोसंबीची झाडं फळांनी वाकलेली होती, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण धुळ्याच्या स्टँडवरून मोसंबीची पिशवी आणायचा. शेजारचे उखर्डूनाना तर आपल्याच शेतातून आमच्या बांधावरून चालत आले आणि तरी हातात पिशवी. "अक्का, मोसंबी खाय, ताकद येई," असं म्हणून ते खाटेशेजारी बसले. बेबाबाईने मोसंबी सोलली, स्टीलच्या वाटीत फोडी ठेवल्या, वर साखर भुरभुरवली आणि वाटी पुढे केली.

अक्काने ती वाटी हाताने दूर सारली.

"माले वाटी नको," ती म्हणाली. "मन्हा सासराले वाटी उनी व्हती, मन्ही सासूले उनी व्हती. वाटी उनी म्हणजे मानूस पंगतमाईन उठना. माले समजस बठ्ठं."

 सासऱ्यांना वाटी आली, सासूला आली, आणि दोघंही पुन्हा पंगतीत बसले नाहीत, हे तिने पाहिलं होतं. मित्रांनो, अक्काला भूक नव्हती असं नाही. तिच्या मनाने घेतलं होतं की घराने तिला वेगळं काढलं आहे. सगळ्यांसाठी भाकरी, तिच्यासाठी वाटी. म्हणून ती खात नव्हती, आणि दिवसेंदिवस सुकत चालली होती.

बेबाबाई मनाची घट्ट बाई होती. तोवर मी तिला परातीची मालकीण म्हणून नावं ठेवत होते, पण त्या दिवसांत मी तिला नीट पाहिलं. पेज नाही चालत तर पातळ पिठलं, पिठलं नाही तर मुगाचं कढण. मग तिच्या मनात आलं की नुसत्या गोड फोडींपेक्षा मोसंबीची कोशिंबीर केली तर अक्काच्या तोंडाला चव येईल. तिने भल्या सकाळी विळीवर मोसंबी कांद्यासारख्या आडव्या कापल्या, पांढऱ्या सालीसकट, बियांसकट. मीठ घातलं, मुळा घातला आणि झाकून ठेवून ती शेतात गेली. दुपारी येऊन तिने ती कोशिंबीर वाटीत काढली. तोवर तिला पाणी सुटलं होतं आणि सालीचा, बियांचा सगळा कडूपणा त्या पाण्यात उतरला होता. अक्काने जीभ लावली आणि थुंकून टाकलं. "हाई ते औषध शे," एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तिने पाणी सोडून काही घेतलं नाही.

पितांबर घाबरला. आईवर त्याचा फार जीव होता. चुलीपाशी येऊन तो बायकोला हळू आवाजात म्हणाला, "उद्या चंपाषष्ठी शे. उद्यानं भरीत व्हई जाऊ दे. परवा अक्काले परत धुळाले लई जाऊत. सलाईन लावं नही ते ती वाचाव नही."

बेबाबाईने चुलीतले निखारे मागे सारले. मग तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"काथवट खाल उतारी द्या," ती म्हणाली.

"कसाले? परात शे ना."

"परातमा नही. काथवटमाच कोशिंबीर करानी शे."

पितांबरचे डोळे मोठे झाले. "काथवटमा आंबट? अक्काले समजनं ते?"

"समजालेच पायजे," बेबाबाई म्हणाली. "वाटीमा जे येस ते आजारीनं. काथवटमा जे व्हस ते बठ्ठासनं. अक्कानीच माले शिकाडेल शे ते."

बठ्ठासनं, म्हणजे सगळ्यांचं. खरं सांगते, आधी मला रागच आला. इतकी वर्षं मी पिठाची वाट पाहत होते. एकदा मोसंबी माझ्या लाकडात उतरली की पिठाची गोष्ट कायमची संपणार, हे मला अक्काइतकंच ठाऊक होतं. पण मग मला खाटेवरचे ते हात दिसले. ज्या हातांसाठी मी पिठाची वाट पाहत होते ते हातच उरले नाहीत, तर कोण मळणार माझ्यात पीठ? मी ठरवलं. घाला म्हटलं आंबट. काय व्हायचं ते होऊ द्या, मी तयार आहे.

तडा मात्र होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बेबाबाईने मला शेतात नेलं आणि विहिरीच्या पाटात, वाहत्या पाण्यात, दोन दगडांच्या आधाराने बुडवून ठेवलं. तहानलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं. मी आधाशासारखी पाणी प्यायले आणि तड्याच्या दोन्ही कडा पुन्हा एकमेकींना येऊन भिडल्या. मग तिने मला पुसून उन्हात धरलं आणि आतून तेल चोळलं. इतक्या वर्षांनी तेल! तिचा हात अक्काइतका भारी नव्हता, पण रीत तीच होती.

चंपाषष्ठीला आमच्या घरचं भरीत शेतातच व्हायचं. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यात भाजलेली मोठाली हिरवी वांगी, लसूण-मिरचीचा ठेचा, कळण्याच्या भाकरी, आणि भाऊबंद, शेजारी, सालदार सगळे एका पंगतीत केळीच्या पानांवर. दर वर्षी वांग्यांची साल काढायला अक्का बसायची. त्या दिवशी तिला बैलगाडीत गोधडीवर झोपवून आणलं आणि मोसंबीच्या झाडाखाली खाटेवर ठेवलं. ती येत नव्हतीच. "मी कसाले येऊ, देखाले?" म्हणाली होती. पण सणाच्या दिवशी तिला एकटीला घरी कोण ठेवणार?

बेबाबाई विहिरीच्या पलीकडे बसली आणि आता तिने घाई केली नाही. मोसंबीची जाड साल काढली, मग एकेक फोड सुटी करून तिच्यावरचं पातळ पापुद्र्याचं कातडं सोललं, बिया काढल्या. नुसता रसाळ गर माझ्या पोटात पडू लागला. कोवळा मुळा चिरला. कांद्याची पात. हरभऱ्याचे कोवळे शेंडे, नुकतेच खुडलेले. हिरवी मिरची ठेचून, कोथिंबीर, भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट. पंगतीला पानं मांडली गेली, खंडोबाला नैवेद्य दाखवला, तोवर तिने मिठाला हात लावला नाही. लोक बसले आणि मगच मीठ घातलं, वरून लिंबू पिळलं आणि दोन्ही हातांनी सगळं खालीवर केलं.

लिंबू माझ्या तड्यात उतरलं तेव्हा अशी आग झाली की बिजलाचा वाकस आठवला. मी कडा घट्ट आवळून धरल्या. काही झालं तरी थेंब खाली जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

मग बेबाबाईने जे केलं त्याने पितांबरचा जीव वर-खाली झाला. अक्काच्या खाटेकडे ती गेलीच नाही. मला कमरेवर घेऊन ती पंगतीत शिरली आणि एका टोकापासून वाढू लागली. पंगतीच्या वरच्या अंगाला, दर वर्षी अक्का बसायची तिथे, एक पान मांडलेलं होतं. त्या पानावर भरीत वाढलेलं होतं, अर्धी भाकरी होती, आणि पुढे कुणीच बसलेलं नव्हतं. बेबाबाईने त्या पानावर कोशिंबीर वाढली आणि मला तिथेच, त्या रिकाम्या जागेपुढे ठेवून ती भाकरी आणायला निघून गेली.

लोक जेवू लागले. गरम तिखट भरिताच्या घासामागून मोसंबी तोंडात गेली की माणसं क्षणभर बोलायची थांबत होती. उखर्डूनानांनी बोटं चाटली. ते ओरडले, "सुनबाई, आखो लई ये वं! मोसंबी अशी बी लागस का? मी ते आजपावत आजारीसलेच वाटत उनू!"

खाटेवरून आवाज आला. क्षीण होता, पण मी तो कुठेही ओळखला असता.

"काथवट कोनी उतारी?"

 अक्का कोपरावर उठून माझ्याकडे पाहत होती. वारा तिच्या दिशेने होता. तिने श्वास आत ओढला.

"कोनी आंबट घालं मन्ही काथवटमा?"

बेबाबाई भाकरीची टोपली घेऊन तिथेच उभी राहिली. "मी घालं," ती म्हणाली.

"माले इचारं का?"

"इचारतू ते तुम्ही नही म्हनतात."

"मंग?"

"मंग तुम्हनं पान मांडेल शे," बेबाबाई म्हणाली. ती जागची हलली नाही. "काथवट तुम्हनी शे. बोलनं व्हई ते पंगतमा बशीसन बोला."

सासूला असं बोलणारी सून त्या पंगतीने पाहिली नव्हती. पितांबर उठला आणि आईजवळ गेला. मला वाटलं, तो तिला निजवेल. पण अक्काने त्याचा हात धरला आणि पाय खाली सोडले. त्याच्या खांद्यावर भार टाकत ती एकेक पाऊल आली आणि आपल्या पानावर बसली. तिचा श्वास चढला होता. तिने पानाकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. तिने हात लांब केला, माझ्या पोटात घातला, एक फोड उचलली आणि रागारागाने तोंडात टाकली.

मित्रांनो, त्या वेळी माझी शकलं झाली असती तरी मला कळलं नसतं.

अक्काने फोड चावली. डोळे मिटले. गिळली. मग पुन्हा हात घातला, या वेळी मुळा आणि हरभऱ्याचा पाला धरून. तेही गिळलं.

"मीठ कमी शे," ती म्हणाली.

बेबाबाईने मिठाची वाटी पुढे केली. अक्काने चिमूट घेतली, माझ्यात टाकली आणि स्वतःच्या हाताने सगळं खालीवर केलं. तोच तळवा! हाडं लागत होती, जोर नव्हता, पण तोच तळवा. "मिरची बी कमी शे," ती पुटपुटली. "आजारीसाठे करं का वं?"

"नही, अक्का," बेबाबाई म्हणाली आणि आता ती उघड रडत होती. "हाई बठ्ठासनं शे."

अक्काने भाकरीचा एवढासा तुकडा मोडला. नानांनी मान खाली घालून स्वतःच्या पानावर लक्ष दिलं, म्हणजे अक्काला कुणी पाहतंय असं वाटू नये. पंगत पुन्हा जेवू लागली. पितांबरने दुसऱ्या दिवशीच्या धुळ्याच्या गाडीचं नाव काढलं नाही, आणि पुढेही काढावं लागलं नाही.

जेवणं झाल्यावर अक्काने मला उचलायला लावलं आणि माझ्या खालची माती हाताने चाचपून पाहिली. माती कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन उन्हात बसली. तेल चोळत होती आणि सुनेला बोलत होती. चांगली तासभर बोलली. "आते इन्हामा कधीच पीठ मळानं नही, ध्यानमा ठेव. गई ती काथवट." मग जरा थांबून म्हणाली, "आते इन्हामा मोसंबीच करत जाय."

अशी माझी पिठाची नोकरी सुटली. वाईट वाटलं का? वाटलं. कधी कधी परातीत कळणा मळताना पाहिला की अजून वाटतं. पण मी पुन्हा माळ्यावर गेले नाही. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात मोसंबीवर रंग चढला की मला तेल लागतं, पाटात आंघोळ होते आणि चंपाषष्ठीला मी पंगतीत जाते. माझ्या अंगाला आता मोसंबीचा वास मुरला आहे. तुम्ही नाक जवळ आणलं तर भर वैशाखातही येईल.

अक्का आता फार थकली आहे. दात उरले नाहीत, डोळ्यांना कमी दिसतं. बेबाबाई तिच्यासाठी फोडी अगदी बारीक करते, मुळा किसून घालते. पण वाढते सगळ्यांच्या पंगतीत, वरच्या अंगाच्या पानावर. आणि अक्का दर वर्षी न चुकता सांगते की मीठ कमी आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी असेल, म्हातारं असेल, तर त्याच्यासाठी घास मऊ करा, बारीक करा, पण त्याचं पान पंगतीतून उचलू नका. आणि तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला खाली घ्या, पाणी पाजा, तेल लावा. फुटकी आहे म्हणून टाकू नका. मीही फुटकी आहे, आणि माझ्याखालची माती अजून कोरडी आहे.